कगालागादीत स्वतः गाडी चालवायची आहे? वाळूच्या रस्त्यांसाठी नवख्यांचा मार्गदर्शक

ताडोबा किंवा पेंचला जाणाऱ्या आपल्या लोकांना जिप्सी, गाईड आणि ठरलेली फेरी यांची सवय असते. मागे बसायचं, कॅमेरा सांभाळायचा, रस्ता कसा आहे ही ड्रायव्हरची काळजी. कगालागादी ट्रान्सफ्रंटियर पार्कमध्ये ती काळजी तुमची. कालाहारी वाळवंटातलं हे राष्ट्रीय उद्यान दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना या दोन देशांत पसरलंय. दक्षिण आफ्रिकेकडचा भाग १९३१ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २००० साली दोन्ही बाजू एक करून आजचं उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किमी. ताडोबा-अंधारी कोअर आणि बफर मिळून १,७०० च्या आसपास भरतं, यावरून अंदाज घ्या. इथे भाड्याची गाडी घेऊन तुम्ही स्वतः आत शिरता, शेकडो किलोमीटर कच्च्या रस्त्यावर एकटे फिरता आणि काळ्या आयाळीचा सिंह आडवा आला तर काय करायचं हेही तुम्हीच ठरवता.

मी पुण्याहून दोन-तीनदा तिथे जाऊन गाडी चालवली आहे. पहिल्या वेळी माहिती शोधताना दोनच सूर ऐकू आले: "साध्या कारनेही होतं, काही नाही" आणि "फोर-बाय-फोर नसेल तर जाऊच नका". नवख्याला दोन्ही उपयोगाचे नाहीत. तिथे अडकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं इंजिन कमजोर नव्हतं. टायरमध्ये हवा जास्त होती आणि हातात वेळ कमी होता. या लेखातल्या बऱ्याच गोष्टी शेवटी या दोन मुद्द्यांपाशीच येतात.

## १. आधी रस्ते ओळखा

अपिंग्टन या शहरापासून ट्वी रिफिरेन या मुख्य गेटपर्यंत साधारण २५० किमीचा चांगला डांबरी रस्ता आहे. गेटच्या आत डांबर विसरायचं.

उद्यानातून आउब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्या जातात आणि मुख्य रस्ते त्यांच्याच पात्रांतून किंवा काठाने आहेत. आउबच्या कडेने ट्वी रिफिरेन ते मातामाता हे अंतर साधारण १२० किमी. मातामाता कँप नामिबियाच्या सीमेवर आहे. नोसोबच्या कडेने ट्वी रिफिरेन ते नोसोब कँप साधारण १६० किमी. दोन्ही नद्यांना जोडणारे दोन आडवे रस्ते आहेत, त्यांना तिथे डून रोड म्हणतात. खालचा ऑक्टरलोनीहून कै-कै पाणवठ्याकडे जातो, वरचा कामक्वाहून डिकबार्डस्कोल्ककडे.

रस्त्याचा पृष्ठभाग एकसारखा नाही. नदीपात्रात फिकट, बारीक, धुळीसारखी माती. काठावर मध्येच चुनखडीचा कडक, दगडी थर वर आलेला असतो, त्याला कॅल्क्रीट म्हणतात. त्याच्या कडा धारदार असतात आणि टायरची बाजू कापतात. डून रोडवर लाल वाळूच्या टेकड्या एकामागून एक, चढ-उतार, चढ-उतार. आणि सगळीकडे असतात त्या पन्हळी. घराच्या छपराला घालतो त्या पन्हळी पत्र्यासारखा आडव्या रेघांनी उठलेला रस्ता. नवखा माणूस सिंहाला घाबरत येतो आणि दुसऱ्या दिवशी या पन्हळींनी हैराण होतो.

बोत्स्वानाच्या बाजूचे रस्ते, म्हणजे माबुआसेहुबे हा भाग आणि तिकडच्या गाडीवाटा, ही वेगळीच गोष्ट आहे. नोसोब ते माबुआसेहुबे सलग खोल वाळू आहे. तिकडच्या वाइल्डरनेस ट्रेलवर किमान दोन गाड्या असल्याशिवाय सोडतच नाहीत. पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेकडचा भाग आठवडाभरातही पुरा होत नाही.

## २. गाडी

मुख्य रस्त्यांना फोर-बाय-फोर लागत नाही. लागतो तो ग्राउंड क्लिअरन्स. छोट्या सेडान गाड्याही आत दिसतात, पण त्यांच्या पोटाला मधला उंचवटा घासत असतो आणि लो-प्रोफाइल टायर कॅल्क्रीटवर लवकर फाटतात. उंच एसयूव्ही घ्या किंवा डबल कॅब पिकअप घ्या, तिथले लोक तिला बक्की म्हणतात. टायरची बाजू जाड आणि उंच असावी. रिम जितकी मोठी आणि चकचकीत, तितका तो टायर या कामाला नालायक.

बिटरपान किंवा घाराघाब कँपचं बुकिंग असेल तर फोर-बाय-फोर सक्तीचं आहे, तिथे तडजोड नाही.

एक सोय आपल्याला आयतीच मिळते. दक्षिण आफ्रिकेत, नामिबियात आणि बोत्स्वानात गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. युरोपातून आलेल्यांना पहिला दिवस त्यातच जातो.

## ३. भाड्याच्या करारावर सही करण्याआधी

इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबतो.

काउंटरवर "फुल इन्शुरन्स" म्हणून जे देतात त्यात टायर, काचा, गाडीचा खालचा भाग आणि वाळू-पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा धरलेलं नसतं. कगालागादीत नुकसान नेमकं याच चार गोष्टींचं होतं. टायर-काचांचं वेगळं कव्हर मिळतं का ते विचारा आणि असेल तर घ्या. कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याची परवानगी करारात लेखी आहे का ते पाहा. काही करारांत अशा रस्त्यावर एकट्याने गाडी उलटली तर विमा लागू होत नाही असं कलम असतं. ते बारीक अक्षरात असतं, शोधून वाचा.

मग गाडीपाशी जा आणि स्टेपनी बाहेर काढायला लावा. ती पूर्ण आकाराची आहे का? काही गाड्यांत बारीकसं तात्पुरतं चाक देतात, वाळूत त्याचा काही उपयोग नाही. स्टेपनीत हवा आहे का? जॅक आहे का, त्याचा दांडा आहे का, चाकाचा पाना नटांना बसतो का? तिथेच एक नट सैल करून पुन्हा आवळून बघा. काउंटरवरचा माणूस घाईत असेल, असू दे. वाळवंटात तुमच्या मदतीला तो नसणार आहे.

गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि खाली वाकून पोटाचाही एक व्हिडिओ घ्या.

डिपॉझिटसाठी मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्डावर बहुतेक ठिकाणी अडवतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या.

## ४. कागदपत्रं

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एवढं ठेवा आणि तो फोल्डर ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या:

- पासपोर्ट आणि दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा. मातामाताहून नामिबियात उतरून परत दक्षिण आफ्रिकेत यायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, आणि नामिबियाच्या व्हिशाची सोय आधीच पाहून ठेवायची.
- भारतीय लायसन्स, आणि सोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. ते आपल्या आरटीओतून मिळतं आणि वर्षभर चालतं. नुसत्या परमिटवर भागत नाही, मूळ लायसन्स लागतंच.
- गाडीचा भाडेकरार. दुसऱ्या देशात न्यायची असेल तर भाड्याने देणाऱ्याचं सीमापार नेण्याचं परवानगीपत्र. हे आयत्या वेळी मिळत नाही, गाडी बुक करतानाच सांगा.
- कँपच्या बुकिंगची प्रत, कागदावर. मोबाइलला रेंज फक्त ट्वी रिफिरेनच्या आसपास असते.
- परदेशी प्रवास विमा, वैद्यकीय स्थलांतरासह.

एका देशाच्या गेटने आत येऊन दुसऱ्या देशाच्या गेटने बाहेर पडणार असाल तर उद्यानात किमान दोन रात्री मुक्काम करावा लागतो आणि इमिग्रेशनचे शिक्के ट्वी रिफिरेनला घ्यावे लागतात. उद्यानाचा शॉर्टकट म्हणून वापर होऊ नये यासाठी हा नियम आहे.

बुकिंग सुमारे अकरा महिने आधी उघडतं. तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांत जागा मिळणं मुश्कील असतं, त्यामुळे तारखा आधी पक्क्या करा आणि विमानाचं तिकीट नंतर.

## ५. गाडीत काय हवं

बाकी सामान विसरलात तरी चालेल, पण टायर गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा हवेचा काँप्रेसर विसरू नका. दोन्ही अपिंग्टनमध्ये मिळतात. त्याखेरीज ट्यूबलेस पंक्चर किट, छोटं फावडं, टोचन करायचा पट्टा, जॅकखाली ठेवायला लाकडी फळीचा तुकडा (नाहीतर जॅक वाळूत शिरतो आणि गाडी जागची हलत नाही), हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि ऑफलाइन नकाशे.

पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर, आणि त्यावर एक कॅन राखीव. नोसोबचं नळाचं पाणी मचूळ लागतं.

खाण्याचं सामान अपिंग्टनमध्येच भरा. कँपमधल्या दुकानांत लाकडं, गोठवलेलं मांस आणि थंड पेयं मिळतात, शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते. घरून नेलेला चिवडा आणि भाजणी तिथे फार कामी येते.

पेट्रोल-डिझेल ट्वी रिफिरेन, नोसोब आणि मातामाता या तीन मुख्य कँपांत मिळतं. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. वाळूत गाडी जास्त पिते, आणि नोसोबहून उत्तरेला युनियन्स एंडपर्यंत जाऊन-येऊन अडीचशे किमीच्या वर होतात. मध्ये पंप नाही.

सामान बांधताना एक लक्षात ठेवा. कोल्ड्रिंकचे कॅन एकमेकांना खेटून ठेवले तर पन्हळीवर घासून घासून त्यांना भोकं पडतात आणि सगळी डिकी चिकट होते. टॉवेलमध्ये किंवा वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा. बाटल्यांची बुचं आपोआप फिरून सैल होतात. काचेच्या बरण्या नकोतच.

## ६. हवा कमी करा

आता मुख्य काम. गेटवर परमिट घेतल्यावर, ट्वी रिफिरेनहून पुढे निघायच्या आधी चारही टायरमधली हवा कमी करा.

कारण सोपं आहे. हवा कमी झाली की टायर खाली लांबट पसरतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. मग तो वाळू चिरत खाली न जाता वरून चालतो. पन्हळीवर तोच मऊ टायर अर्धे धक्के गिळतो, आणि टोकदार दगडावर कडक टायर फुटतो तिथे मऊ टायर त्या दगडाभोवती वाकतो.

किती ठेवायची? डांबरावर ३२ पीएसआय असेल अशा साधारण एसयूव्हीसाठी मी हे आकडे वापरतो:

- नदीकाठचे मुख्य रस्ते: २४ ते २६
- डून रोड आणि मऊ वाळू: १८ ते २०
- रुतल्यावर बाहेर निघण्यापुरतं: १५

बक्कीच्या मागच्या टायरमध्ये सामानामुळे मुळातच जास्त हवा असते. तिथे हेच आकडे न वापरता आधीच्या हवेतून चौथा हिस्सा कमी करा. पंधराच्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटण्याची भीती असते.

हवा नेहमी थंड टायरमध्ये, सकाळी निघण्याआधी मोजा. अपिंग्टनहून तीन तास डांबरावर आलेला टायर तापलेला असतो आणि गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतं. त्याच आकड्यावर २५ केलीत तर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात ते २१ वर आलेलं दिसेल. त्यामुळे गेटवर अंदाजाने कमी करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीट जुळवा. व्हॉल्व्हची पिन नखाने किंवा काडीने दाबली की हवा फुसफुसत निघते. गेजने मध्ये मध्ये मोजा आणि चारही चाकं सारखी करा. एकटा माणूस पंधरा मिनिटांत हे करतो. शेजारी कुणी तसंच निघून चाललं असेल तरी तुम्ही थांबा.

आणि कमी हवेवर वेग वाढवायचा नाही. टायरची बाजू वाकून वाकून तापते. उद्यानातली वेगमर्यादा ५० किमी आहे, तेवढ्यात काही होत नाही.

## ७. पन्हळीवर चालवणं

कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की ७०-८० च्या वेगात गाडी पन्हळीवरून तरंगत जाते. तरंगते हे खरं. तरंगते म्हणजे चाकं निम्मा वेळ जमिनीला टेकलेलीच नसतात. अशा वेळी ब्रेक लागत नाही, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, आणि पुढच्या वळणावर जेम्सबॉक उभा असतो. हे पावणेदोनशे-दोनशे किलोचं, लांब सरळ शिंगांचं हरीण आहे. गाडी घसरली की नवखा माणूस घाबरून स्टिअरिंग झटकन उलट फिरवतो आणि गाडी आडवी होऊन पलटते. कच्च्या रस्त्यावर समोर दुसरी गाडी नसताना गाड्या उलटतात त्या अशाच.

त्यामुळे ३५ ते ४५ च्या दरम्यान आपल्या गाडीला कमीत कमी थरथर होईल असा वेग शोधा. तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, आणि हवा बरोबर असेल तर सापडतो. पन्हळी वळणांवर आणि चढाच्या सुरुवातीला सर्वांत वाईट असतात, कारण तिथे सगळे ब्रेक नाहीतर ॲक्सिलरेटर दाबतात. रस्त्याच्या कडेला कधी कधी जरा सपाट पट्टा मिळतो. त्यावरून जा, पण भुसभुशीत कडेवर उतरू नका.

अधूनमधून ग्रेडर फिरवून रस्ता सपाट करतात. कोणता टप्पा नुकताच केलाय हे रिसेप्शनला रोज विचारा. तिथली माणसं नीट सांगतात, आणि त्यावरून दिवसाचा बेत बदलणं शहाणपणाचं.

संध्याकाळी कँपमध्ये पोचल्यावर एक फेरी मारा: चाकांचे नट, नंबर प्लेट, बंपरखालचं प्लॅस्टिक, छपरावरचं सामान. थरथरीने सगळंच सैल होतं. टायरच्या आतल्या बाजूवरूनही हात फिरवा. कॅमलथॉर्न हे बाभळीच्या कुळातलं झाड, त्याचे काटे पांढरे आणि बोटाएवढे असतात. काटा घुसलेला दिसला तर तिथल्या तिथे उपसू नका. आधी किट आणि काँप्रेसर बाहेर काढा, मग उपसा.

धुळीबद्दल एक युक्ती. खिडक्या बंद ठेवून पंखा जोरात ठेवा, पण हवा बाहेरची घ्या. आतली हवा फिरवत ठेवली तर मागच्या दाराच्या फटीतून धूळ ओढली जाते. बाहेरची हवा आत भरत राहिली की ती फटींतून बाहेर ढकलली जाते. समोरून गाडी आली की तेवढ्यापुरतं उलट करा.

## ८. डून रोड आणि मऊ वाळू

इथे लय महत्त्वाची. टेकडी समोर दिसली की चढ सुरू होण्याआधी गिअर ठरवा. मॅन्युअल गाडीत बहुधा दुसरा. अर्ध्या चढावर गिअर बदलायला गेलात की गाडी तिथेच बसते. एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवा, माथ्याजवळ आलात की हळूहळू सोडा. पलीकडून गाडी येत असू शकते आणि ती दिसत नाही. माथ्यावर डावीकडेच राहा, हेडलाइट दिवसाही चालू ठेवा.

थांबायचं असेल तर उतारावर थांबा, गाडीचं तोंड खाली ठेवून. ब्रेक जोरात मारला की चाकांपुढे वाळूचा छोटा बांध तयार होतो आणि निघताना गाडी त्यालाच अडते. ॲक्सिलरेटर सोडून तिला आपोआप थांबू द्या.

आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या असतात त्यातच राहा. वाळू तिथे दाबलेली असते. स्टिअरिंग घट्ट धरून भांडू नका, सैल हातात ते आपोआप चाकोरी धरतं. सकाळी वाळू गार आणि जरा घट्ट असते, दुपारी तीच सैल होते. डून रोड सकाळीच उरका.

## ९. रुतलात तर

चाकं जागच्या जागी फिरायला लागली की ॲक्सिलरेटर तत्काळ सोडा. आणखी दोन सेकंद दाबलात तर गाडी पोटावर बसते आणि पाच मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. आधी रिव्हर्स टाकून स्वतःच्याच चाकोरीतून हळू मागे येऊन पाहा. निम्म्या वेळा एवढ्यातच सुटका होते.

नाही झाली तर गाडीतच बसून विचार करा. या उद्यानात पिकनिकच्या ठरलेल्या जागा आणि कँप सोडून कुठेही खाली उतरायला मनाई आहे. मुख्य रस्त्यावर असाल तर तासा-दोन तासांत दुसरी गाडी येतेच. तिला शेजारी उभी करा आणि त्यांच्यातल्या एकाला फक्त टेहळणी करायला सांगा. सिंह दुपारी रस्त्याकडेच्या झुडपाच्या सावलीत असा पडून राहतो की दहा मीटरवरूनही दिसत नाही. अगदीच उतरावं लागलं तर आधी चारही बाजूंना सावकाश नजर फिरवा, दार उघडं ठेवा, गाडीपासून दूर जाऊ नका, मुलांना आतच ठेवा.

मग क्रम असा: टायर १५ वर आणा, चाकांपुढची वाळू फावड्याने काढून उतरता मार्ग करा, गाडीच्या पोटाखालची वाळू काढा, फोर-बाय-फोर असेल तर लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) लावा, आणि हळुवार मागे या. तरीही नाही तर टोचन. पट्टा टो-हुकलाच लावा. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला लावला तर तोच भाग उखडून हातात येतो.

बाहेर निघाल्यावर टायर पुन्हा १८-२० वर आणायला विसरू नका.

कँपमधून निघताना परमिटची नोंद करून जायचं असतं आणि परतल्यावर ते जमा करायचं. कंटाळा करू नका. संध्याकाळी तुम्ही आला नाहीत हे त्यांना त्या कागदावरूनच कळतं.

## १०. वेळेचं गणित

नोसोब १६० किमी म्हणजे पुणे-मुंबईएवढं, असं मनात आणून निघू नका. ताशी ४० ची सरासरी धरली तर नुसते चालवायचेच चार तास. वाटेत पाणवठे आहेत, गरुड आहेत, चित्ता दिसला तर एक तास तिथेच जातो. सहा तास धरा.

गेट सूर्याच्या वेळेनुसार उघडतात आणि वेळा दर महिन्याला बदलतात. ऐन हिवाळ्यात (तिथे जून-जुलै) साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, ऐन उन्हाळ्यात (डिसेंबर-जानेवारी) साडेपाच ते साडेसात. उशीर झाला तर दंड होतो. ट्वी रिफिरेनला दुपारी उशिरा पोचलात तर त्या दिवशी दूरच्या कँपकडे सोडत नाहीत. म्हणून पहिली रात्र ट्वी रिफिरेनलाच काढायची. जोहान्सबर्गहून गाडीने येणार असाल तर आणखी एक रात्र अपिंग्टनला, कारण तेवढंच अंतर ८०० किमीच्या आसपास आहे.

शेवटच्या तासात उरलेलं अंतर कापायचं म्हणून वेग वाढवावासा वाटतो. नेमक्या त्याच वेळी जनावरं रस्त्यावर येतात आणि सूर्य डोळ्यात असतो. परत फिरायची वेळ सकाळी निघतानाच ठरवा आणि ती झाली की समोर काहीही असो, वळा.

## ११. जनावर दिसलं की

या भागात हत्ती, गेंडे आणि म्हशी नाहीत, त्यामुळे गाडीवर धावून येण्याचा तो प्रकार नाही. सिंह रस्त्यावर झोपतात, रस्त्यानेच चालतात. त्यांना वाळूपेक्षा दाबलेला रस्ता सोपा पडतो. वीस-पंचवीस मीटरवर थांबा, इंजिन बंद करा, वाट पाहा. त्यांना ढकलत पुढे जायचं नाही. तरुण सिंह कधी कधी उभ्या गाडीचे टायर चावून पाहतात. तोंड टायरकडे वळलं की इंजिन सुरू करून हळू पुढे सरका.

खरी अडचण माणसांची होते. सिंह उजव्या हाताला दिसला की पाच गाड्या रस्ता अडवतात आणि सहावी बाजूच्या मऊ वाळूत उतरून पुढे जायला बघते. ती तिथेच रुतते, सिंहापासून तीस मीटरवर. आता ना कुणाला खाली उतरता येत, ना टोचन लावता येत. दोन-तीन तास सगळे सिंह उठून जाण्याची वाट पाहत बसतात. थांबताना रस्त्याच्या कठीण भागावरच थांबा, मागच्याला जायला वाट ठेवा, आणि वाट नसेल तर मागेच राहा.

रस्ता सोडून आत जाणं पूर्ण बंद. या कोरड्या जमिनीवर चाकाची खूण वर्षानुवर्षं राहते. यू-टर्नसाठीही कठीण, रुंद जागा येईपर्यंत पुढे जा.

खारी, मीरकॅट आणि पावसानंतर कासवं रस्त्यात येतात. चाळीसच्या वेगात ती दिसतात, साठला दिसत नाहीत.

## १२. पाऊस आणि ऋतू

पाऊस थोडाच पडतो, बहुतेक जानेवारी ते एप्रिलमध्ये वादळी सरींत. ओली वाळू उलट घट्ट होते आणि चालवायला सोपी जाते. चिखल होतो तो नदीपात्रातल्या बारीक मातीचा आणि सपाट खळग्यांचा. तिथे पाणी साचलेलं दिसलं आणि तळ दिसत नसेल तर जाऊ नका. पाण्याने झालेलं नुकसान विम्यात नसतं हे वर सांगितलंच.

पावसानंतर गवत वाढतं. बोत्स्वानाच्या वाटांवर मधल्या उंचवट्यावरचं गवत गाडीच्या पोटाला घासतं, त्याचं बी रेडिएटरच्या जाळीत भरतं आणि गाडी तापते. वाळलेलं गवत सायलेन्सरच्या आसपास साचलं तर पेट घेतं. अशा रस्त्यावर दर तासाला तापमानाचा काटा बघा, सुरक्षित जागी खाली वाकून गवत उपसून काढा.

जून ते ऑगस्ट रात्री पारा शून्याखाली जातो, दिवस मात्र छान असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी चाळीसच्या वर. पहिल्या खेपेला मार्चअखेर ते मे हा काळ घ्या.

## १३. बाहेर पडताना

शेवटच्या कँपमधून निघून ट्वी रिफिरेनला आलात की डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. थकव्यामुळे हे टाळलं जातं आणि मग १०० च्या वेगात २२ पीएसआयवर चाललेला टायर अपिंग्टनच्या वाटेत फुटतो. छोट्या काँप्रेसरला चार टायर भरायला अर्धा तास लागतो. तो मध्येच तापतो, प्रत्येक टायरनंतर जरा थांबा. स्टेपनीही मोजा.

अपिंग्टनमध्ये गाडी धुऊन घ्या, खालून पाण्याचा जोराचा मारा करायला सांगा. मग टायरच्या दुकानात नेऊन चारही चाकं आतून बघायला लावा. पंक्चर काढलं असेल तर त्याची पावती ठेवा. गाडी परत देताना पहिल्या दिवशीच्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा, पोटाचा व्हिडिओही, आणि तपासणीच्या कागदावर "नुकसान नाही" असं लिहून सही मिळाल्याशिवाय किल्ली देऊन निघू नका. डिपॉझिट कार्डावर परत यायला काही आठवडे लागतात, तोवर हे फोटो डिलीट करू नका.